किळस जागवणाऱ्यांनो, ती उतरवायची कशी तेही ठरवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमा आखणाऱ्या, त्यांना पैसा पुरवणाऱ्या आणि त्यांच्या जाहिराती, घोषणा, भित्तिपत्रकं लिहिणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही दशकांत आपल्या क्षेत्राने एक गोष्ट पक्की ओळखली आहे. हात धुवा, उघड्यावर शौचाला जाऊ नका, असं सांगून माणसं फारशी बदलत नाहीत. जंतूंची नावं आणि आकडे सांगूनही बदलत नाहीत. पण त्याच माणसांना किळस आली, की सवय हलू लागते. मीही आरोग्यशिक्षणाचं साहित्य लिहिते. या हत्याराची ताकद मला ठाऊक आहे आणि ते टाकून द्या असं मी म्हणणार नाही. किळस जागी कशी करायची ते तुम्हाला उत्तम येतं. ती पुढे कुणाला जाऊन चिकटेल आणि काम झाल्यावर तिला उतरवायचं कसं, याचा विचार मात्र मोहिमांच्या आराखड्यांत क्वचितच दिसतो. त्याविषयी हे पत्र आहे.

१९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशातल्या राजशाही भागात लोकसहभागी स्वच्छतेची एक पद्धत सुरू झाली आणि पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली. तिच्यातला पाण्याच्या पेल्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी स्वतः केला असेल. कार्यकर्ता स्वच्छ पाण्याचा पेला पुढे करतो, प्याल का विचारतो. लोक हो म्हणतात. मग तो डोक्यातला एक केस उपटतो, जवळ पडलेल्या विष्ठेला लावतो, पाण्यात बुडवतो आणि पेला पुन्हा पुढे करतो. पाणी दिसायला तसंच असतं, पण आता कुणी हात लावत नाही. मग प्रश्न येतो : माशीला पाय किती? सहा. त्या केसाला जितकी घाण लागली त्यापेक्षा माशीच्या सहा पायांना कमी लागते की जास्त? यापुढे कार्यकर्त्याला फार बोलावं लागत नाही.

प्रयोग अचूक आहे, कारण त्यातली किळस आणि त्यातला धोका एकाच ठिकाणी आहेत. पण किळस आणि धोका नेहमी असे एकत्र राहत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग तुम्ही वाचले असतील. मेलेलं, पण पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून बाहेर काढलं. झुरळ निर्जंतुक आहे, हे पिणाऱ्याला सांगितलेलं होतं. तरी तो रस नकोसा झाला. का नको, असं विचारलं की माणूस आधी रोगाचं कारण देतो. ते कारण काढून घेतलं तरी नकार जागचा हलत नाही. दुसऱ्या प्रयोगात दोन बाटल्यांत साखर भरली आणि दोन चिठ्ठ्या दिल्या, एकीवर ‘साखर’, दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’. कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीला लावायची ते सहभागी माणसांनी स्वतः ठरवलं. म्हणजे विषाचं नाव लागलेल्या बाटलीत विष नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही त्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला त्यांचं मन घेईना.

रोझिन यांनी याचा संबंध एकोणिसाव्या शतकातल्या मानववंशशास्त्रज्ञांनी जादूटोण्याबद्दल सांगितलेल्या दोन नियमांशी जोडला. एकदा स्पर्श झाला की संबंध कायमचा जडतो. आणि जे दिसायला सारखं, ते आतूनही सारखंच. प्रयोगातली माणसं शिकलेली होती, आजच्या काळातली होती, आणि त्यांची मनं याच नियमांनी चालत होती. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला मात्रेची वाटते. जंतुशास्त्रात मात्रा असते : किती जंतू, किती वेळ, कोणत्या वाटेने. किळसेला मात्रा कळत नाही. थेंबभर म्हणजे सगळं बाटलं. आणि एकदा बाटलं ते उकळून, गाळून, धुऊन पुन्हा शुद्ध होतं हे बुद्धीला पटलं तरी घशाखाली उतरत नाही.

भीती आणि किळस यांत इथेच फरक पडतो, आणि आपण मात्र आराखड्यांत दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहून मोकळे होतो. भीतीला इजेची चिंता असते. साप पिंजऱ्यात गेला, की ती ओसरू लागते. धोका टळल्याचा पुरावा भीती मान्य करते, निदान बहुतेक वेळा. किळस पुराव्याकडे बघतच नाही. हात धुण्याच्या सक्तीने ग्रासलेल्या, विटाळाच्या विचारातून सुटका नसलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो : नकोशा गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायला लावलं की भीती लवकर उतरते, किळस तिच्यामागून रेंगाळत उतरते. (आपली भित्तिपत्रकं हे रुग्णही वाचतात. हात कातडी सोलेपर्यंत धुणाऱ्या माणसाला ‘तुमच्या हातांवर काय आहे, ठाऊक आहे का?’ हे वाक्य काय करत असेल, याचा विचार एकदा तरी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.)

आता किळस सगळ्या संस्कृतींत सारखीच असते, या समजुतीविषयी. किळस सार्वत्रिक आहे, म्हणून एकच जाहिरात जगभर चालेल, असा हिशेब मी ऐकला आहे. चेहरा खरोखर सार्वत्रिक आहे : नाक आक्रसणं, वरचा ओठ उचलणं, तोंडातलं बाहेर टाकावं तशी जीभ पुढे येणं. विष्ठा, पू, कुजलेलं मांस यांची शिसारीही जवळपास सगळीकडे सापडते. पण त्यापलीकडचं बरंचसं शिकवलेलं असतं. दोन वर्षांखालच्या मुलांपुढे विष्ठेसारखा दिसणारा खाण्याचा पदार्थ ठेवला, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी तो तोंडात घातला. किळस ही मुलं पुढे मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून शिकतात.

डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएरा देल फुएगो बेटांवरची एक घटना नोंदवली आहे. तो थंड, टिकवून ठेवलेलं मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्याला बोट लावून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची किळस चेहऱ्यावर स्पष्ट दाखवली. इकडे आपल्या अन्नाला एका उघड्या ‘रानटी’ माणसाने बोट लावलं म्हणून डार्विनलाही तितकीच किळस आली, आणि त्याचे हात घाणेरडे दिसत नव्हते हेही तो प्रामाणिकपणे लिहितो. एकाच घासावर दोन माणसं, दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव. पण पहिल्याची किळस वस्तूची आहे आणि दुसऱ्याची माणसाची. माझ्या या सगळ्या पत्राचं मूळ त्या एका प्रसंगात आहे. किळसेवर विचार करत असताना, स्वच्छ हात समोर दिसत असताना, इतक्या बारीक नजरेच्या शास्त्रज्ञाच्या मनातही ती माणसाकडे वळली.

मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये मांडलं, की घाण म्हणजे आपली जागा सोडून भलतीकडे आलेली वस्तू. प्रत्येक समाज जगाची एक मांडणी करतो आणि त्या मांडणीत न बसणाऱ्याला अशुद्ध ठरवतो. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पुरेसं वाटत नाही, कारण पू कुठेही ठेवला तरी पूच राहतो. पण माणसांच्या बाबतीत त्यांचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडतं. ‘जागा सोडून आलेला’ हे विशेषण परक्याला, खालच्या मानलेल्याला, आजाऱ्याला किती सहज लागतं!

किळस निदान रोग तरी नीट ओळखते का? थोडाफार. इक्वेडोरमधल्या शुआर समाजात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांची किळस तीव्र, त्यांना जंतुसंसर्ग कमी आढळला. म्हणजे निसर्गाने ही भावना उगाच दिलेली नाही. पण तिच्या चुकाही मोठ्या आहेत, आणि आपल्याच क्षेत्राच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये एडविन चॅडविक यांच्यासारख्या सुधारकांना दुर्गंध म्हणजेच रोग वाटत होता. त्यामुळे घरांखालचे मैल्याचे खड्डे रिकामे करून घाण थेम्समध्ये वाहून न्यायचं धोरण राबवलं गेलं. वास घरांतून गेला. मैला मात्र जे पाणी लोक पीत होते त्यात जाऊन मिसळला, आणि १८४८-४९ च्या कॉलऱ्याला वाट मिळाली. पुढे १८५४ मध्ये लंडनमधल्याच ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी लोकांना इतकं चांगलं लागे, की दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा ते रोज गाडीतून मागवून घेई. ते पिऊनच ती कॉलऱ्याने गेली, आणि कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणाऱ्या डॉक्टर जॉन स्नो यांच्या तपासात तिचा मृत्यू महत्त्वाचा पुरावा ठरला. नाकाने एका ठिकाणी खोटी हाक मारली आणि दुसऱ्या ठिकाणी ते गप्प बसलं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत मृत आप्ताचं शरीर खाणं हा शोकाचा, मायेचा विधी होता. कुरू हा जीवघेणा मेंदूरोग त्यातूनच, मुख्यतः बायका-मुलांत, पसरला. जिथे माया होती तिथे किळस आड आली नाही.

तर हत्यार असं आहे : मात्रा न कळणारं, पुरावा न मानणारं, धोका अंदाजाने ओळखणारं, आणि वस्तूवरून माणसावर सहज उडी घेणारं. या शेवटच्या गुणाविषयी थोडं विस्ताराने लिहू द्या.

फ्रान्स-स्पेनमधल्या पिरेनीज पर्वताच्या परिसरात शतकानुशतकं ‘कागो’ म्हणवल्या गेलेल्या लोकांना चर्चमध्ये वेगळं दार असे, पवित्र पाण्याचं वेगळं पात्र असे. त्यांची भाषा, धर्म, रूप शेजाऱ्यांसारखंच होतं. नेमका कशाचा विटाळ, हे कुणाला धड सांगता येत नसे, तरी तो पाळला जाई. जपानमध्ये कातडी कमावणाऱ्या, जनावरं कापणाऱ्या समूहांना कायद्याने १८७१ मध्ये बरोबरीचं स्थान मिळालं. शंभरावर वर्षांनी, १९७५ साली, उघड झालं की त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या विकल्या जात होत्या आणि नोकरी मागायला आलेल्यांचं मूळ हुडकण्यासाठी कंपन्या त्या विकत घेत होत्या. कातड्याला कधी हात न लावलेला नातवंडांचा नातू तिथे बाटलेला ठरत होता, तोही पत्त्यावरून. दक्षिण आशियातल्या अस्पृश्यतेबद्दल मराठीत लिहिताना वेगळं काही सांगायला नको. माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेल्याचं या भाषेला ठाऊक आहे. आणि १९९४ च्या वंशसंहारात रुवांडातल्या रेडिओवरून तुत्सी शेजाऱ्यांना ‘झुरळं’ म्हटलं गेलं, तेव्हा हा शब्द निवडणाऱ्यांना किळसेचं मानसशास्त्र पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे द्वेषाचं राजकारण, आमचा त्याच्याशी काय संबंध? म्हणून जपानचंच दुसरं उदाहरण देते, जे आरोग्यखात्याच्या कामाचंच आहे. १९३० च्या दशकात तिथे प्रत्येक प्रांत कुष्ठमुक्त करण्याची चळवळ चालली. शेजाऱ्यांनी रुग्णांची खबर द्यायची, अधिकाऱ्यांनी त्यांना घेऊन जायचं, आणि मग सगळ्यांच्या देखत त्या घरावर जंतुनाशक फवारायचं. त्या फवाऱ्याने किती जंतू मेले कोण जाणे. त्या घराला जो डाग लागला तो मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिला. कुष्ठरोग फार सावकाश आणि फार थोड्यांना होतो. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची नैसर्गिक ताकद असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रोमिन हे औषधही हाती आलं. तरी १९५३ च्या कायद्याने वेगळं ठेवणं चालूच राहिलं, आणि तो कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडलं. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवलं. म्हणजे औषध झालं, कायदा गेला, निकालही लागला. आणि २००३ मध्ये त्याच कुमामोतो प्रांतात गरम पाण्याच्या झऱ्यांकाठच्या एका हॉटेलने बऱ्या झालेल्या माणसांना उतरू द्यायचं नाकारलं. त्याविरुद्ध ते बोलले, तर त्यांच्या वसतिस्थानी शिव्याशापांची पत्रं येऊन पडली. ती माणसं तेव्हा म्हातारी होती, आणि त्यांच्या अंगात कुष्ठरोगाचा जंतू उरलेला नव्हता.

१९३० च्या दशकातले अधिकारी दुष्ट होते, असं मला वाटत नाही. बरेचसे तळमळीचे होते. किळस कामाला लावली की लोक सहकार्य करतात, हे त्यांना दिसत होतं. ती परत कशी बोलवायची, याची जबाबदारी कुठल्याच कार्यालयाकडे नव्हती. आजही नाही.

माहिती देऊन ती परत येत नाही, एवढं नक्की. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात २००६ साली भीषण दुष्काळ असताना सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पुरवठ्यात घ्यावं का, यावर मतदान झालं. सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. शुद्धीकरणाची माहिती त्यांच्यासमोर होती. नामिबियातलं विंडहूक शहर तसंच पाणी १९६८ पासून पितं आहे. दोन शहरांच्या लोकांत काही जन्मजात फरक नाही. एकीकडे वर्षानुवर्षं लोक ते पाणी पीत आले, शेजारी पिताना पाहत आले. दुसरीकडे फक्त कल्पना पुढे आली, आणि तिच्यासोबत शौचालयाचं चित्र.

एप्रिल १९८७ मध्ये दोन गोष्टी काही दिवसांच्या अंतराने घडल्या. ऑस्ट्रेलियात एड्सविषयीची एक जाहिरात टीव्हीवर आली, जिच्यात मृत्यूचा दूत चेंडू फेकून उभ्या माणसांना, बायका-मुलांना आडवं करतो. धोका सगळ्यांना आहे, असं सांगायचा हेतू होता. पण अनेकांच्या मनात तो दूत म्हणजे समलैंगिक पुरुष असं समीकरण बसलं, हे पुढे मोहिमेशी संबंधित मंडळींनीही खेदाने मान्य केलं. त्याच महिन्यात लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात राजकुमारी डायनाने एड्सच्या रुग्णाशी हातमोजा न घालता हस्तांदोलन केलं. एचआयव्ही स्पर्शाने पसरत नाही, हे वाक्य त्याआधी कितीतरी वेळा छापून झालं होतं. त्या हस्तांदोलनाने जे केलं ते त्या वाक्याला जमलं नव्हतं. किळस चेहऱ्यावरून चेहऱ्यावर शिकली जाते, आणि उतरतेही तशीच : कुणीतरी विश्वासाचं माणूस स्पर्श करतं आणि त्याचा चेहरा आक्रसत नाही, हे पाहून. तरीही जुन्या समजुतींची चिवटता विसरू नका. १९९४ च्या एका अभ्यासात एड्स झालेल्या माणसाने घातलेला स्वेटर धुतल्यावरही लोकांना नको होता. आणि खुनी माणसाने घातलेलाही नको होता, अपघातात पाय गमावलेल्याने घातलेलासुद्धा. रोग, पाप आणि दुर्दैव हे तिन्ही किळसेच्या लेखी एकाच वाटेने संसर्गजन्य आहेत.

मग काय करावं, असं तुम्ही विचाराल. घानातली २००० च्या दशकातली हात धुण्याची मोहीम मला आदर्शाच्या जवळची वाटते. आई शौचालयातून येते, तिच्या हातांवर जांभळट डाग आहे, आणि तो डाग तिच्या हातून मुलाच्या जेवणावर जातो. किळस इथे पुरेपूर आहे. पण ती हाताला आहे, त्या घटकेला आहे, आणि साबणाने जाते. आई आईच राहते, पाहणाऱ्या प्रत्येकीला ती आपल्यासारखी वाटते. किळसेचं दृश्य आणि किळसेचा शेवट एकाच जाहिरातीत आहेत. हा शेवट दाखवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. डाग लागताना दाखवलात तर जातानाही दाखवा. ‘रुग्णापासून दूर राहा’ लिहिलंत, तर ‘कधीपर्यंत’ हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा.

याउलट उघड्यावर बसणाऱ्याला शिट्ट्या मारून पळवणं, कुणाचं नाव फलकावर लावणं, गरिबाच्या घराला रंगाने खूण करणं, हे स्वच्छतेच्या नावाने जिथे जिथे झालं आहे, तिथे केस-पेल्याच्या प्रयोगातली किळस पाण्यावरून उचलून माणसावर ठेवली गेली आहे. ज्याच्याकडे शौचालय बांधायला जागाच नाही, त्याच्या वाट्याला तर फक्त लाज येते. या प्रकारांना मोहिमेचं यश म्हणून अहवालांत जागा देणं थांबवा.

नावांच्या बाबतीत पाऊल पडलं आहे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना प्रदेशांची, लोकसमूहांची, प्राण्यांची नावं देऊ नयेत असे संकेत घालून दिले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात मंकीपॉक्सला एमपॉक्स म्हणायचं ठरवलं. चांगलं झालं. चित्रांच्या बाबतीत असे संकेत तितकेच निकडीचे आहेत, कारण नाव वाचायला अक्षरओळख लागते आणि चित्र तिच्याशिवायही चिकटतं. रोगाच्या भित्तिपत्रकावर कुणाचा चेहरा छापायचा, कुणाची वस्ती, कुणाची कातडी, हा निर्णय आज एखाद्या रचनाकाराच्या टेबलावर घाईघाईत होतो. तो रोगातून बरं झालेल्या माणसांना दाखवल्याशिवाय छापखान्यात जाऊ नये. त्यांना नुसतं विचारू नका, नकार द्यायचा अधिकार द्या.

शेवटचं मागणं पैशाचं आहे. मोहिमेचा निधी मंजूर करताना तिच्या उतरत्या बाजूचा निधी त्याच कागदावर मंजूर करा : साथ ओसरल्यावर, औषध आल्यावर, माणूस बरा झाल्यावर, ज्या आवाजात ‘शिवू नका’ सांगितलं त्याच आवाजात ‘शिवा’ सांगण्यासाठी. त्या टप्प्यात डॉक्टर, शिक्षक, खेळाडू, धर्मगुरू यांना बऱ्या झालेल्यांसोबत एका ताटात जेवताना दिसू द्या, आणि एकदाच छायाचित्रापुरतं नको, वर्षानुवर्षं. मोहीम यशस्वी झाली का हे मोजताना किती हात धुतले गेले ते मोजाच. पण बरं झालेल्या माणसाला घर भाड्याने मिळालं का, त्याच्या मुलीचं लग्न मोडलं का, त्याला दुकानात सुटे पैसे हातात दिले की टेबलावर ठेवले, हेही विचारा. हे प्रश्न तुमच्या पुढच्या सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर असावेत अशी माझी मागणी आहे. त्यावर तुमचं उत्तर, होकाराचं असो वा हरकतीचं, मला जाहीरपणे वाचायला आवडेल.

आपली,
आरोग्यशिक्षणाचं साहित्य लिहिणारी एक सहकारी